तीन शंभर आणि एक खूण

गुडगाव, १२ जानेवारी १९९७

ती. दादास,
उत्तराचा साष्टांग नमस्कार.

परिषदेच्या मध्यवर्ती कार्यालयाचं पत्र काल मिळालं. इंग्रजीत, टाइप केलेलं, वर 'डिअर मॅडम' आणि खाली तुझी सही. सख्ख्या बहिणीला 'डिअर मॅडम' लिहिणारा अध्यक्ष आपल्या सार्वजनिक बांधकाम अभियंता परिषदेला याआधी लाभला नसेल. मी उत्तर इंग्रजीत देणार नाही. इंग्रजीत भांडलं की मला भांडल्यासारखं वाटतच नाही.

वहिनी, हे पाकीट तुम्हीच फोडणार आणि चहाच्या वेळी मोठ्यांदा वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. दादा माझ्या फोनवर येत नाही, माझी पत्रं हातात धरत नाही, पण तुम्ही वाचत असताना उठूनही जात नाही, असं तुम्हीच म्हणालात. म्हणून कामाच्या गोष्टी जरा सोप्या करून लिहिते. ज्याला त्या आधीच कळतात त्यानं बिस्कीट खावं.

तर दादा, पत्रात तू म्हणतोस की गुडगाव शाखेचे निम्म्याहून जास्त सभासद सरकारी नोकरीत नाहीत, खासगी कंपन्यांत आहेत. परिषद सरकारी अभियंत्यांची. तेव्हा नियम क्रमांक चारप्रमाणे ही शाखा बंद का करू नये, ते कळवावे.

कळवते.

नोएडात तुझ्या सेक्टरचा रस्ता सरकारनं आखला, सरकारनं बांधला. इथं तसं नाही. इथं मोठा हमरस्ता सोडला तर कॉलनीतला प्रत्येक रस्ता, प्रत्येक गटार, पाण्याची टाकी कुठल्या ना कुठल्या कंपनीचा इंजिनिअर बांधतो. त्या रस्त्यावरून दूधवाला जातो, शाळेची बस जाते, गावातली बायामाणसं भाजी विकायला येतात. म्हशी तर नियम क्रमांक चार न वाचताच मधोमध बसतात. हा रस्ता सार्वजनिक नाही तर काय माझ्या मालकाच्या दिवाणखान्यातला आहे? तो चुकला तर लोकच बुडणार. मग तो बांधणाऱ्याला परिषदेत बसायला जागा का नाही?

पण तुझा राग नियमाचा नाही हे मला माहीत आहे. चार वर्षांपूर्वी मी सरकारी नोकरी सोडून कंपनीत आले, तेव्हा तू मंडळाच्या गणपतीत, आरतीच्या गर्दीत, सगळ्यांदेखत म्हणालास, "ठेकेदाराच्या पंगतीला बसायला चाललीस ना? मग आमच्या घरी तुझं पान मांडलं जाणार नाही." आरती चालूच राहिली. मी प्रसाद न घेता घरी आले. ठेकेदाराचं खोटं काम नापास केलंस म्हणून तुला तीन वर्षं आसामात सिल्चरला फेकलं होतं, ते मी विसरलेले नाही. वहिनींच्या बाळंतपणात दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलात मी होते, तू नव्हतास. तेव्हा ठेकेदार कसा असतो ते मला शिकवू नकोस.

आणि एक आठवण करून देते. तू कॉलेजात असताना लेव्हल घ्यायचा सराव करायला हिंदूरावच्या टेकडीवर जायचास. दुर्बीण तुझ्याकडे. समोर आकड्यांची उंच लाकडी पट्टी धरून उभं राहायला कुणी मिळेना, म्हणून मला न्यायचास. मी दहा वर्षांची. पट्टी माझ्या दुपटीहून उंच, वर माकडं, आणि तू लांबून ओरडतोयस, "उत्तरा, सरळ धर! पट्टी हलली की जग हललं!" माझे खांदे भरून यायचे. त्या टेकडीवरच मी इंजिनिअर झाले, कॉलेजनं नुसता कागद दिला. आता तूच मला परिषदेच्या बाहेर घालवतोयस.

मध्यवर्ती कार्यालयानं आम्हाला आजवर काय दिलं? दरवर्षी एक डायरी, एक कॅलेंडर, आणि मागच्या वर्षी ताणतणावावर दीड तास बोलणारे एक वक्ते, ज्यांच्यामुळे सगळ्यांना ताण आला. एवढ्यावर आम्ही शाखा उभी केली. ती मी बंद करणार नाही.

वहिनींना नमस्कार.
उत्तरा

गुडगाव, १६ फेब्रुवारी

ती. दादास,

उत्तर आलं. तेही इंग्रजीत. 'तुमच्या शाखेचं कार्य परिषदेच्या उद्दिष्टांशी कसं सुसंगत आहे, याचा तपशील द्यावा.' घे तपशील.

इथं तीन कॉलन्या शेजारी शेजारी आहेत. एक माझ्या कंपनीची, दुसरी गुणवंत सिंग नावाचा इंजिनिअर आहे त्या कंपनीची, तिसरी आणखी एका कंपनीची. मध्ये एक जुनं गाव. वहिनी, गटार बांधायचं तर उतार लागतो, आणि उतार मोजायचा तर सुरुवात कुठून तरी करावी लागते. त्या सुरुवातीच्या खुणेला आम्ही बेंचमार्क म्हणतो. सरकारी कामात सगळे एकाच सरकारी खुणेपासून मोजतात. इथं प्रत्येक कंपनीच्या इंजिनिअरनं आपल्याच गेटच्या पायरीवर रंगाचा ठिपका दिला, त्याला शंभर म्हटलं आणि तिथून मोजायला लागला. त्या इंजिनिअरांत मीही आहे. तीन कॉलन्या, तीन शंभर. प्रत्येकाचं गटार आपापल्या कागदावर अगदी बरोबर.

कागदावर गुणवंतचं गटार माझ्या गटाराच्या खाली येत होतं. जमिनीवर ते हातभर वर निघालं. माझ्याकडचं पाणी त्याच्या तोंडाशी जाऊन उलटं फिरायचं आणि गावात शिरायचं. गावातले लोक दोन वर्षं दारात विटा मांडून त्यांवरून ये-जा करत होते. तक्रार घेऊन आले की आम्ही तिघंही आपापले नकाशे दाखवायचो.

गुणवंतला मी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा तो मिशी सरळ करत म्हणाला, "मॅडमजी, आपका सौ आप जानो. मेरा सौ तो सौ ही है."

यात मूर्ख कुणी नाही, दादा. पण एका कंपनीचा इंजिनिअर दुसऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला नकाशा दाखवू शकत नाही. दाखवला तर नोकरी जाते. सरकारी खात्यातली लतिका आहे, हुशार मुलगी, पण ती कंपनीच्या गेटात शिरली तर तिचा साहेब विचारतो, कशाला गेली होतीस, काय घेतलंस? आम्हाला सगळ्यांना एका टेबलाशी बसवेल अशी या गावात एकच जागा होती. तुझी परिषद. तिचा फलक मागे लावला की कुणी कुणाला विचारत नाही.

म्हणून आम्ही शाखेची सभा हॉलमध्ये घेणं सोडलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी रस्त्यावर जमतो, दुर्बीण आणि पट्टी घेऊन चालतो. रेल्वे स्टेशनवरच्या सरकारी खुणेपासून पातळी मोजत मोजत गावापर्यंत आलो. किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. आमचा एकच नियम आहे आणि तो मी केला: नवा सभासद आला की पहिल्या दिवशी पट्टी त्यानं धरायची. मग तो ट्रेनी असो की जनरल मॅनेजर. गुणवंत त्याच्या जिप्सीतून गॉगल लावून आला होता. त्याच्या हातात पट्टी दिली. तो म्हणाला, "ये तो हेल्पर का काम है यार." मी म्हटलं, "बिल्कुल. पकडिए." पट्टी धरून तो स्वतःच्या गटाराच्या तोंडाशी उभा राहिला, लतिकानं दुर्बिणीतून आकडा वाचला, आणि त्याला स्वतःच्या कानांनी ऐकावं लागलं की त्याचा शंभर शंभर नाही. त्यानं गॉगल काढला. मग म्हणाला, "दोबारा पढ़ो." लतिकानं पुन्हा वाचला. आकडा तोच.

आता गावच्या पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर आम्ही एक खूण दगडात कोरून घेतली आहे. तिच्यावरून तिन्ही कॉलन्या मोजतात. कुणाचाच शंभर उरला नाही. गुणवंतनं आपल्या मालकाशी भांडून गटाराचा शेवटचा तुकडा खोदून खाली घेतला.

हे परिषदेच्या उद्दिष्टांशी सुसंगत नसेल तर उद्दिष्टं बदल.

उत्तरा

गुडगाव, २४ मार्च

दादा,

आज तीर्थरूप लिहिणार नाही.

नोटिशीची प्रत तू माझ्या कंपनीला पाठवलीस. 'माहितीसाठी'. गुणवंतच्या कंपनीलाही, तिसऱ्या कंपनीलाही. मला साहेबांनी बोलावलं, कागद पुढे सरकवला आणि विचारलं, "उत्तराजी, संडे को आप हमारे ड्रॉइंग किसको दिखाती हैं?" इतके दिवस जे झाकून चाललं होतं ते तुझ्या एका पाकिटानं उघडं पाडलं. आता मला सांगितलंय की एक तर रविवारचं चालणं बंद, नाही तर नोकरी. सिल्चरला तुला फेकणाऱ्यानं निदान तुझ्याच बहिणीकडून सही घेतली नव्हती.

वहिनी, इथं थांबू नका, पुढे वाचा.

दुसरं. वहिनींनी फोनवर सांगितलं की तुझ्या टेबलावर एक जाहिरात आहे. मागच्या पत्रांत मी तिचं नाव काढलं नाही, कारण तुला ती दिसली नसेल अशी आशा होती. तर आता स्पष्ट लिहिते. हो, ती माझ्याच कंपनीची. 'परिषदेच्या अभियंत्यांनी तपासलेली कॉलनी', असं तिच्यात मोठ्या अक्षरात छापलं होतं. मी पेपर उघडला तेव्हा माझं डोकं फिरलं. तशीच ऑफिसात गेले आणि दुपारपर्यंत साहेबांच्या केबिनमधून हलले नाही. जाहिरात दुसऱ्या दिवसापासून बंद झाली. तुला भीती वाटते की हे लोक परिषदेचं नाव विकून खातील. भीती खोटी नाही. पण खाणाऱ्याचा हात धरायला आत कुणी तरी हवं ना? बाहेरून नोटीस पाठवून कुणाचा हात धरला जातो?

नोकरीचं म्हणशील तर मी राजीनामा लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, रविवारी मी चालणार. सोमवारी हा स्वीकारायचा तर स्वीकारा. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, "देखेंगे." आता दर सोमवारी मी ऑफिसात जाते तेव्हा तो ड्रॉवर आधी बघते.

२७ एप्रिलला, रविवारी, आम्ही चाचणी घेणार आहोत. पावसाची वाट बघणार नाही. माझ्या कॉलनीच्या वरच्या टोकाला टँकर रिकामे करायचे आणि पाणी तिन्ही कॉलन्यांतून, गावाला वळसा घालून नाल्यात पोचतं का ते बघायचं. पोचलं नाही तर शाखा मीच बंद करते, तुझी सही लागणार नाही. अध्यक्ष म्हणून ये. निरीक्षक म्हणून ये. कसाही ये.

उत्तरा

गुडगाव, २८ एप्रिल

ती. दादास,

तू आलास.

कीकराच्या, म्हणजे बाभळीच्या, झाडाखाली, सगळ्यांपासून लांब, हातात छत्री मिटलेली. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. तूही तेच केलंस. आपल्या घरात हे सगळ्यांनाच चांगलं जमतं.

तू होतास तरी वहिनींसाठी लिहिते. गावात आदल्या दिवशी लग्न झालं होतं, त्या मांडवातली झेंडूची फुलं लतिकानं पोतं भरून आणली होती. टँकर सोडले आणि फुलं पाण्यात टाकली, म्हणजे पाणी आमचंच आहे हे पटावं. माझ्या कॉलनीतून फुलं झरझर गेली. गुणवंतच्या हद्दीत शिरली आणि दिसेनाशी झाली. पुढच्या झाकणाशी आम्ही वाकून बसलो होतो, तिथं काहीच येईना. गावातले लोक हसायला लागले. एक म्हातारी म्हणाली, "इंजिनियर घणे, पाणी कोनी." म्हणजे इंजिनिअर ढीगभर, पाण्याचा पत्ता नाही. हे तुझ्यासमोरच व्हायचं होतं, असं वाटलं.

मग गुणवंतनं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि स्वतः मॅनहोलमध्ये उतरला. त्याच्याच माणसांनी आत सिमेंटची रिकामी पोती टाकून ठेवली होती. ती एकेक करून बाहेर फेकत होता आणि आतून शिव्या देत होता. कुणाला ते सांगता येत नाही, बहुतेक स्वतःलाच. शेवटचं पोतं निघालं आणि पाणी आलं. मागोमाग फुलं आली. आम्ही सगळे, साहेबलोक आणि ट्रेनी आणि लतिका, गटाराच्या काठानं फुलांबरोबर पळत सुटलो. नाल्यात पहिलं फूल पडलं तेव्हा मी रडले. सगळ्यांदेखत रडले, मला त्याची लाज नाही.

मागे वळून पाहिलं तर तू कीकराखाली नव्हतास. टाकीच्या चौथऱ्याशी उकिडवा बसला होतास आणि आमच्या खुणेवरून बोट फिरवत होतास. कोरलेली रेघ आडवी आहे की नाही ते तू बोटानं बघतोस, हे मला लहानपणापासून माहीत आहे. रेघ आडवीच आहे, दादा. मी स्वतः उभं राहून कोरून घेतली.

चहा ठेवला होता. तू न घेता गेलास. पण तू पाहिलंस. आता कार्यकारिणीत काय सांगायचं ते सांग.

उत्तरा

गुडगाव, १२ मे

मा. अध्यक्ष महोदय,

आदेश मिळाला. 'गुडगाव शाखा नियम क्रमांक चारनुसार विसर्जित करण्यात येत आहे.' खाली तुमची सही. सही नेहमीसारखीच स्वच्छ आहे.

वहिनींनी फोनवर सांगितलं की कार्यकारिणीत मतं समसमान पडली आणि शेवटचं मत अध्यक्षांचं होतं. म्हणजे बोट खुणेवर फिरवून आलात आणि मत नियमाला दिलंत. नियम तुम्ही केला नव्हता, पण वाकवणार नाही, असं तुम्ही वहिनींना म्हणालात म्हणे. सिल्चरलाही तुम्ही असेच गेला होतात, मान ताठ ठेवून. तेव्हा मला तुमचा अभिमान वाटला होता. आज वाटत नाही. मला तुमचा राग आला आहे, आणि तो लवकर जाईल असं समजू नका.

आदेशात म्हटलं आहे की परिषदेची मालमत्ता मध्यवर्ती कार्यालयात जमा करावी. फलक पाठवला आहे. उरलेल्या डायऱ्या आणि कॅलेंडरंही पाठवली आहेत, जपून ठेवा. खूण पाठवता येत नाही, ती दगडात आहे. नेणार असाल तर टाकी न्यावी लागेल.

फलक नसताना आम्ही काय करणार, असं वाटत असेल तर सांगते. जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही चालणार. काल गुणवंत म्हणाला, "मॅडमजी, बोर्ड गया तो गया. सौ तो अपना एक ही है ना अब?" लतिकाच्या साहेबांनी तिला मनाई केली, तिनं लिहून द्या म्हटलं, त्यांनी लिहून दिलं नाही. तुमच्या नोएडा शाखेचे दिनकर साठे परवा येऊन पट्टी धरून गेले. त्यांची शाखा पूर्ण सरकारी आहे, तिला तुम्ही हात लावू शकत नाही, आणि आता तेही रविवारी सेक्टर सेक्टर चालणार आहेत. फरीदाबाद शाखेनं फोन करून वेळ विचारली. म्हणजे एक शाखा बंद करून तुम्ही तीन चालायला लावल्या. परिषदेच्या इतिहासात शाखांना इतका मोठा पाठिंबा कुठल्या अध्यक्षानं दिला नसेल. आभारी आहे.

उत्तरा
(विसर्जित)

गुडगाव, १५ ऑक्टोबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. साधं पोस्टकार्ड, मराठीत, तुझ्याच अक्षरात. चार वर्षांत पहिल्यांदा. अक्षर थोडं मोठं झालंय, चष्म्याचा नंबर वाढला असणार. एकच ओळ: 'अध्यक्षपदाची मुदत संपली. तुमच्याकडे सभासद होण्यासाठी काय करावे लागते?'

मी ते कार्ड दोन दिवस फ्रिजवर ठेवलं आणि येता-जाता त्याच्यावर चिडले. सभासद कशाचं व्हायचंय तुला? शाखा बंद आहे. तुझ्याच सहीनं. आमच्याकडे फलक नाही, पावतीपुस्तक नाही, तुला द्यायला डायरीसुद्धा नाही.

मग मी टाकीपर्यंत चालत गेले. या पावसाळ्यात गावात पाणी शिरलं नाही. दारातल्या विटा लोकांनी उचलल्या, काहींनी त्यांची चूल केली, एकीनं तुळशीला कठडा केला. साहेबांनी माझा राजीनामा परत दिला, ड्रॉवरमध्ये जागा नाही म्हणाले. माझा तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे लिहून ठेवते. तुझं मत चुकलं होतं आणि ते चुकलं होतं असंच मी मरेपर्यंत म्हणणार. तू चुकलो म्हण किंवा म्हणू नकोस.

भाऊबीज जवळ आली आहे. तू ओवाळून घ्यायला आलास तर मी ओवाळणार नाही. आधी तुला दुसरीकडे यावं लागेल.

येत्या रविवारी सकाळी लवकर ये. पहिला रविवार नाही, पण आता ऊन उतरलंय म्हणून मधलेही रविवार चालतो. टाकीच्या चौथऱ्यापाशी जमतो. वहिनींनाही आण, चालून झालं की तिथंच पोहे असतात, चौथऱ्यावर वर्तमानपत्र पसरून. तुझं पान मांडलेलं असेल. तू माझं मांडलं नव्हतंस, तरी असेल.

दुर्बीण माझ्याकडे राहील. नव्या सभासदाचा नियम तुला माहीत आहे, तो मोठ्या साहेबांनाही सुटत नाही आणि भावालाही सुटणार नाही. गुणवंत, लतिका, सगळे बघत असतील. खांदे भरून येतील, पण खाली ठेवायची नाही.

पट्टी सरळ धर, दादा.

उत्तरा